हिरव्या दोऱ्याची पोती

खत कारखान्यात त्याला सगळे दाण्या म्हणत. तिरक्या फिरत्या थाळ्यात खताची भुकटी सोडायची, वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि मिरीएवढे गोल दाणे पाडायचे, हे त्याचं काम. पाणी जास्त झालं की लाडू वळतात, कमी झालं की नुसती धूळ उडते. केस पांढरे व्हायला लागेपर्यंत त्याने हेच केलं होतं, आणि हात असा बसला होता की थाळ्याच्या आवाजावरून त्याला फवारा कमी-जास्त करता येई.

कारखान्याने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबरोबर नवं खत करायला घेतलं तेव्हा दाण्याला त्या कामावर घेतलं. सडका भाजीपाला आणि डेअरीचा गाळ यांचं खत करायचं, आणि ते वाळवायला वेगळं इंधन न जाळता चिमणीवाटे फुकट जाणारी उष्णता वापरायची, अशी ती कल्पना. प्रयोगशाळेच्या मॅडम नाकाला रुमाल न लावता त्याच्या शेजारी उभ्या राहत, चुकलं तर "आपलं चुकलं" म्हणत. दाण्याला आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं.

त्याची काकू म्हणजे आईच म्हणा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. बागायतदारांच्या संस्थेने तिला शहराच्या कडेला जमिनीचा एक तुकडा कसायला दिला होता. तिथे ती टोमॅटो लावायची. तिच्या हाताला असा गुण, की हिने छत्रीची काठी रोवली तरी पालवी फुटेल, असं लोक म्हणत.

नव्या खताची परीक्षा याच संस्थेच्या मळ्यांवर घ्यायचं ठरलं. काहींना नवं खत, काहींना नेहमीचं, आणि फरक नीट कळावा म्हणून काहींना नुसत्या मातीचे दाणे. कोणाला काय मिळालं ते पीक निघेपर्यंत सांगायचं नाही, आणि दुसरं कुठलंही खत घालायचं नाही. मॅडमनी सभेत हे सगळं समजावून सांगितलं, पण काकू मागे बसून शेजारणीशी गप्पा मारत होती; दुसरं खत घालायचं नाही, एवढंच तिच्या कानावर पडलं.

संमतीच्या कागदावर सही करताना ती म्हणाली, "दाणे तूच पाडणार ना? मग मला काय विचारायचंय!"

तेव्हाच तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. दाण्या नुसता हसला.

वाटप चिठ्ठ्या टाकून झालं. पोती पोचवायला तोच गेला. काकूच्या वाट्याची पोती टेम्पोतून उतरवताना त्याचं लक्ष शिवणीकडे गेलं. त्यांची तोंडं हिरव्या दोऱ्याने शिवलेली होती. हिरवा दोरा म्हणजे माती, आणि ती त्याने स्वतःच्या हातांनी भरली होती.

मॅडमना फोन करून "ही माझी काकू आहे, हिला वगळा" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग तूही या कामातून बाजूला हो म्हणाल्या तर? त्याने तोंडाला कुलूप घातलं.

रोपं रुजली, वाढली आणि मग अडली. पानं पिवळी पडायला लागली. काकू पहाटे उठून पाणी देई, किडीसाठी एकेक पान उलटून बघे. शेजारच्या मळेवाल्याने स्वतःकडचं थोडं शेणखत देऊ केलं, तर तिने हात जोडले.

"नको रे बाबा. नियम मोडला तर आमच्या पोराचं नाव खाली जाईल."

हे तिने दाण्याला कौतुकाने सांगितलं.

"काकू, हवा खराब आहे यंदा," तो म्हणाला.

"हवेला कशाला नावं ठेवतोस? शेजारचा मळा बघ, कसा तरारलाय. माझेच हात गेले आता." तिने हात उलटसुलट करून पाहिले. "प्रत्येक गोष्टीला वय असतं."

प्रयोग यशस्वी झाला. नवं खत जुन्याच्या तोडीस तोड निघालं, वाळवणीचं इंधन जवळजवळ सगळंच वाचलं. कारखान्यात टाळ्या वाजल्या, मॅडमनी दाण्याला पुढे बोलावलं. त्याच दिवशी संस्थेच्या माणसाकडून त्याला कळलं, की काकूने तुकडा परत केला आणि तो दुसऱ्या कुटुंबाला दिलाही गेला.

तो तसाच तिच्याकडे गेला. ती दारात सुपातले तांदूळ निवडत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. हिरवा दोरा, माती, न केलेला फोन.

काकूने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे माझे हात नव्हते बिघडले?"

"नाही गं."

"आणि तू येऊन बघत होतास. मी पानं उलटत होते, ते."

दाण्याला रडू फुटलं. तिने त्याला उगी केलं नाही, घालवूनही दिलं नाही. "जेवून जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना गाठून सगळं कबूल केलं. त्या चिडल्या. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "तू लपवायला नको होतंस. पण एखाद्याचं अख्खं पीक मातीवर ठेवायला मीही नको होतं." पुढच्या फेरीपासून प्रत्येक मळ्यात एकच सरी कोरी ठेवायची, बाकी सगळ्या सऱ्यांना खत, असं ठरलं. काकूचा तुकडा परत मिळावा म्हणून मॅडम स्वतः संस्थेत जाऊन भांडल्या, पण त्या तुकड्यात नव्या कुटुंबाने वांगी लावली होती. त्यांना उठवू नका म्हणून काकूनेच सांगितलं. आता ती त्यांनाच रोपं करून देते, आणि ती रोपं जोमदार असतात.

दाण्या दर सुट्टीला तिच्याकडे जातो. ती त्याला पूर्वीसारखंच वाढते, पूर्वीसारखीच थट्टा करते. फक्त तो काही सांगायला लागला, अगदी बस उशिरा आली एवढं जरी, तरी ती हातातलं काम थांबवून त्याच्या तोंडाकडे क्षणभर बघते.

"खरं ना?" ती विचारते.

"खरं काकू," तो म्हणतो, आणि मान खाली घालतो.