ईश्वरीनं ओढून घेतलेला पाय

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं न्हाई. माझ्या आईलासुद्धा न्हाई. तुम्हाला सांगतेय — पण जीभ अजून अडखळते.

आमच्या ईश्वरीला ऑटिझम आहे. चार वर्षांची होती तेव्हा जालन्याच्या थेरपीवाल्या मॅडमनी मला मालिश शिकवली. आईच्याच हातानं, रोज, तळपायापासून सुरुवात. एक गोष्ट त्या परत परत सांगायच्या — आधी हात दाखवायचा, तिला विचारायचं. तिनं पाय ओढून घेतला की थांबायचं. आणि खरं सांगते, ती यायला लागली होती. आपणहून पाय माझ्या मांडीवर ठेवायची.

मंग दिराच्या लग्नाची सुपारी ठरली. आष्टीला, सासरी. बैठकीत मुलीकडची माणसं बसलेली, आणि ईश्वरी किंचाळायला लागली. थांबेचना. पाहुण्यांतली एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. मला लाज वाटली — कुणाची? माझ्याच लेकराची.

मी तिला आत नेलं. कडी लावली. तेल घेतलं. हात दाखवला न्हाई, विचारलं न्हाई. तिनं पाय ओढला. मी तो गुडघ्याखाली दाबून धरला आणि चोळत राहिले — जोरात, रागानं. त्याला काय मालिश म्हणायचं? ती ओरडली, मंग नुसते हुंदके, मंग एकदम गप. अंग सैल. डोळे भिंतीकडे.

तिला घेऊन बाहेर आले तर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बघा, आईचा हात लागला की पोरगी कशी शांत होते."

मी हसले.

त्यानंतर तेलाची बाटली दिसली तरी ती पलंगाखाली शिरायची. मॅडमना उलगडा होईना. त्यांनी विचारलं, "ताई, घरी काही झालं का? बारीकसं असलं तरी सांगा."

"न्हाई. काहीच न्हाई."

त्यांनी तेल बदललं, वेळ बदलली. शेवटी ह्यांना शिकवलं. हे कितीतरी दिवस नुसता तळहात तिच्याजवळ ठेवून बसायचे. आता ती त्यांच्याकडे जाते. मी खोलीत आले की पाय फ्रॉकखाली घेते. हे म्हणतात, बापाची लाडकी आहे. मी हो म्हणते.

ती शांत झाली नव्हती. भिऊन गप पडली होती. हे मला मागाहून कळलं असं न्हाई — कडी काढायच्या आधीच कळलं होतं.