मुबश्शीरनं राखून ठेवलेला मंत्र

प्रेमानंद सरांना इंग्रजीतलं काही येत नाही, असं सेनगावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. सरांनी तशी वेळच येऊ दिली नव्हती. शिकवणीत एखाद्या पोरानं अवघड शब्द विचारला, की सर सावकाश चष्मा पुसत आणि म्हणत, "आधी तू सांग, तुला काय वाटतं?" पोरगं जे सांगेल ते ‘जवळपास बरोबर’ ठरे. अशी बारा वर्षं सुखानं गेली होती.

२००४ साली पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं सुटीत एका खेळाच्या इंग्रजी नियमांचं झेरॉक्स बाड आणून दिलं. खेळाला ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले योद्धे, जादूगार व्हायचं. घाव लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. सेनगावात चार बाजूंची माणसं भेटत, वीस बाजूंचा फासा कुठला? सरांनी वीस चिठ्ठ्या लिहून स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि शिकवणीच्या खोलीत रविवारी दुपारचा खेळ सुरू झाला. शेजारच्या गोरेगावची जीप चालवणारा लालसिंग योद्धा झाला, सरांची जुनी विद्यार्थिनी करुणा तिरंदाज, आणि बसस्टँडपाशी घड्याळं दुरुस्त करणारा मुबश्शीर जादूगार.

नवशिक्या जादूगारानं सकाळी पोथी उघडून दोनच मंत्र मनात भरून घ्यायचे, इथवर सरांनी वाचलं होतं. पुढचं पान फार बारीक अक्षरातलं होतं. ते सरांनी मोठ्या मनानं सोडून दिलं.

पहिल्याच रविवारी मुबश्शीरनं आगीचा मंत्र एका कोल्ह्यावर उडवला आणि विचारलं, "सर, हा उद्या परत येतो का?"

सरांनी चष्मा पुसला. "सुटलेला बाण परत येतो का?"

"न्हाई."

"मग?"

झाला नियम.

आता मुबश्शीरकडे जन्माचा एकच मंत्र उरला, शत्रूला जागच्या जागी झोपवणारा. तो त्यानं जिवापाड जपला. वर्षभर हा जादूगार दोन्ही हातांत काठी धरून राक्षसांना बदडत राहिला आणि बहुतेक वेळा स्वतःच बदडला गेला.

"काहून जपून राहिला रे?" लालसिंग म्हणे. "त्याला पिल्लं होणार हायेत का?"

"वक्त आला की काढीन."

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी वीज गेलेली, शिकवणी बुडालेली, म्हणून सरांनी ते सोडलेलं पान वाचलं. रात्रभर नीट झोप झाली आणि सकाळी पोथी उघडली, की खर्चलेले मंत्र परत येतात. रोज. शाळकरी पोरालाही कळावं इतकं सरळ लिहिलेलं. सरांचे कान तापले.

उद्या सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. खेळ संपल्यावर.

पण त्याच रविवारी घाटात सात दैत्यांनी गाठलं. लालसिंगचा योद्धा पडला, करुणाचे बाण संपले. मुबश्शीर बाकावरून उठला.

"सर, मी... माझा मंत्र सोडतो."

सातही दैत्य झोपले. वर्षभर त्याला चिडवणाऱ्या लालसिंगनं खऱ्याखुऱ्या खोलीत खरीखुरी मिठी मारली. "दोस्ता, माझ्यासाठी आखरी मंत्र दिलास रे!"

सरांनी तोंड उघडलं. म्हणाले, "चहा घेऊ या."

त्या आठवड्यात सर तीनदा बसस्टँडला गेले. चालू घड्याळ दाखवून "मागं पडतंय का बघ" म्हणाले. मुबश्शीर भिंग लावून घड्याळात बघे आणि म्हणे, "घड्याळ बराबर हाय सर. मलाच रिकामं रिकामं वाटून राहिलं. पण चांगलं वाटून राहिलं." तिन्ही वेळा सर पडलेल्या चेहऱ्यानं परतले. आता सांगावं तर त्याचा त्याग मातीमोल, न सांगावं तर तो जन्मभर काठीच घेऊन फिरणार.

रविवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. "मंत्र रोज परत येतात," ते म्हणाले. "ते पान मी वाचलं नव्हतं. मला माहीत नव्हतं."



"सर," करुणा हळूच म्हणाली, "मग दहावीला आमाला जे शिकवलं, ते?"

"करुणा, एका वेळी एकच."

मुबश्शीर खाली बघत होता. "म्हणजे वर्षभर मी उगाच मार खाल्ला. आन् त्या दिवशी मी दिलं तरी काय?"

"तवा तुझ्यापाशी एकच होता ना?" लालसिंग म्हणाला. "मंग एकच दिलास. सरांच्या कागदाला काय कळतंय?"

मुबश्शीर हसला नाही. त्यानं बाड उचलून सरांसमोर ठेवलं.

"वाचा सर. पयल्या पानापासून. समजंल ते सांगा, न्हाई समजलं की थांबा."

सर वाचू लागले. तिसऱ्या ओळीवर थांबले.