बाहेर कोण उरलं?

आधीच सांगतो मंडळी, भूत-बित या प्रकाराला मी आयुष्यभर हसत आलोय. देवरीला हायवेलगत माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आमच्या बंधू मंडळाची बैठक भरते. दहा-बाराच जण, पण थाट बघा! एकमेकांना बंधू म्हणायचं, अध्यक्षांना वडील बंधू. बोलीसुद्धा आमची वेगळी... 'चहा गार झाला' म्हटलं की समजायचं, या माणसाला मंडळात घ्यायचं नाही. आणि घ्यायचं ठरलं तर तो दाराबाहेर उभा राहतो, आतून सगळे एका आवाजात विचारतात, "बाहेर कोण उरलं?" त्यानं म्हणायचं, "कोणीच नाही, बंधू." हे उत्तर वडील बंधू त्याला आधी कानात सांगतात. आम्ही ते घरी बायकोलाही सांगत नाही. आता लपवून तरी काय करायचंय म्हणा.

रामटेके गुरुजींना मीच आणलं. रिटायर्ड मास्तर, बायको वारलेली, मुलगा पुण्याला आयटीत.

"घर खायले उठते भाऊ," म्हणायचे. "चार माणसांत बसाले भेटलं तं बरं होईल."

पावसाळाभर आले बिचारे. सतरंज्या घातल्या, कप विसळले.

त्या रविवारी त्यांना घ्यायचं की नाही, ते ठरणार होतं. गुरुजी बाहेर बाकावर, दार बंद. एकेक जण हळूच म्हणाला, "चहा गार झाला." कारण कोणी बोललं नाही, गुरुजींची जात सगळ्यांना ठाऊक होती. माझी पाळी आली... मीही तेच म्हणालो. लिहितानाही लाज वाटते, पण म्हणालो.

पंखा तेवढा करकरत होता. आणि बाहेरून गुरुजींचा आवाज आला, खणखणीत —

"कोणीच नाही, बंधू!"

दार ढकलून ते आत आले. हात जोडलेले, डोळे भरलेले. अंगावर काटा आला हो माझ्या! वडील बंधू तर पांढरेफटक पडले.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" ते कसेबसे म्हणाले.

"काऊन जी? तुमीच तं सगळ्यायनं एकसंगं विचारलं... बाहेर कोण उरलं म्हून. उत्तर आपोआप तोंडात आलं." मग माझ्याकडे वळून हसले. "तुमचा आवाज तं मी लगेच ओळखला भाऊ. सगळ्यात मोठा तुमचाच होता."

मी सतरंजीकडे बघत बसलो.

"कोणी काही विचारलं नाही, गुरुजी," वडील बंधू म्हणाले.

गुरुजींनी जोडलेले हात खाली घेतले. "असं का," म्हणाले, चपला घातल्या आणि जिना उतरले. परत आले नाहीत.

तो आवाज कोणाचा होता, ते उत्तर त्यांना कसं आलं... डोकं फोडून घेतलं तरी कळत नाही. मंडळातले म्हणतात, तूच आधी फोडलं असशील. शपथेवर सांगतो, मी एक अक्षर बोललो नव्हतो. पण हल्ली कोणी तसं म्हटलं की मी नाही म्हणत नाही. निदान त्यांच्या मते तरी मी गुरुजींसाठी काहीतरी केलेलं असतं.