गुलाबी चिमणी

त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळ चालू होता. आमच्या सोलापूरच्या घराच्या पत्र्यावर बसणाऱ्या चिमण्यांत एके दिवशी मला एक गुलाबी चिमणी दिसली. मान आणि पोट चक्क गुलाबी, बाकी सगळं चिमणीसारखंच. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे पक्ष्यांतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. सात रस्त्याजवळच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात असा पक्षी नव्हता, तेव्हा मी पुस्तकालाच नावं ठेवली. तीन दिवस वहीत तिची चित्रं काढली, येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या आणि नवी जात सापडल्याच्या तोऱ्यात वावरलो.

चौथ्या दिवशी शेजारच्या विणकर बाई अंगणात रंगवलेलं सूत वाळत घालत होत्या. मी त्यांना ऐटीत चिमणी दाखवली. त्यांनी एकदाच वर पाहिलं आणि हातातली ओली लड माझ्यापुढे धरली. तोच गुलाबी.

“आमचाच रंग की, गुरुजी. कुटं पाणी न्हाय, म्हणून उरलेल्या रंगाच्या घमेल्यात उतरली असंल. लई सोडा असतो त्यात. डोळ्यांची आग होत असंल बिचारीच्या.”

माझी नवी जात तिथंच संपली. बाईंनी घमेल्यावर पत्रा झाकला. मग नळावर रांगेत उभं राहून आणलेल्या घागरीतलं थोडं पाणी वाडग्यात ओतून भिंतीवर ठेवलं.

माझ्या वहीत तीन दिवसांच्या नोंदी होत्या. ती तहानलेली असेल, असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.