छातीभर पाण्यातली खोल लाट

भूत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. तेही फिजिक्स घेऊन बीएस्सी! म्हणून जे दिसलं तेवढंच सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना आमच्या गावचा तलाव लागायचा. एप्रिल महिना, पाणी आटलेलं. भर दुपारी बाबा मालकाचे बैल धूत होते आणि मी काठावर इंटरव्ह्यूचा अभ्यास करत होतो. समुद्राकाठच्या एका सरकारी प्रयोगशाळेत लाटा मोजायची नोकरी – आणि समुद्र मी पाहिलेलाही नव्हता! पण ती लागली की दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेतली बाबांची मजुरी सुटणार होती.

वारा अजिबात नव्हता. एकाएकी पाण्यावर रेघ उमटली... बदक पोहत गेलं की मागे पाणी चिंचोळं फाकत जातं ना, तशी. फक्त पुढे बदक नव्हतं. काहीच नव्हतं. आणि लाटा केवढ्या – दोन लाटांमध्ये बैलगाडी मावेल!

“बाबा, मगर असन! बाहेर या!”

“आपल्या तलावात मगर? शिकून येडा झाला का बे?” म्हणत बाबा उलट आतच शिरले, थेट रेघेच्या वाटेत. पाणी छातीपर्यंत. लाट त्यांना हलवून पुढे गेली.

“पायाले काही लागलं?”

“काहीच नाही गा. खालचा चिखलबी हालला नाही... नुसतं पाणीच चालून राहिलं.”

पलीकडच्या काठाशी रेघ विरली.

पांढुर्ण्याहून गाडी पकडून इंटरव्ह्यूला गेलो. मुख्य साहेब मराठीच निघाले. “पाणबुडी आवाजच करत नसेल, तर कशी शोधाल?” पुस्तकातलं काही आठवेना, म्हणून तलावाचं सांगितलं. त्यांच्या शेजारी बसलेले दोघे हसले. साहेब नाही हसले.

“बरोबर. खालून मोठं काही गेलं की वर खूण राहते. तलाव किती खोल?”

“छातीभर.”

“शक्य नाही. एवढ्या लांब लाटा, आणि फाक इतकी चिंचोळी... हे खोल पाण्यातच होतं; उथळ पाण्यात फाक रुंदावते. खोली चुकली तुमची.”

‘हो, चुकली’ म्हटलं असतं तर सोपं होतं. पण म्हणालो, “सर, माझे वडील तिथं उभे होते.”

साहेबांनी ‘छातीभर’ असं कागदावर लिहून घेतलं.

नोकरी लागली. पुढे समुद्रावरच्या अशा कितीतरी रेघा तपासल्या – प्रत्येकीखाली काही ना काही निघालंच.

पहिल्या सुटीत घरी गेलो, तर बाबांचा पहिला प्रश्न, “तुह्या साहेबाले समजलं का गा, काय होतं थे?”

“नाही, बाबा.”

“मंग साहेब अन् मी एकाच वर्गात!” बाबा जाम खूश.

मी रिटायर झालो, तरी त्याच वर्गात आहे. कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा... फक्त मगर म्हणू नका.