रोज्यातली मॅच धरायची नाही

आमच्या फुटबॉल क्लबात लिहिलेला एकही नियम नाही. बोललेले दोन आहेत, आणि दोन्ही माझ्या वडिलांच्या तोंडचे. पहिला असा, की ज्यानं खेळाडू आणला त्यानंच, काढायची वेळ आली तर, त्याच्या तोंडावर सांगायचं. निरोप पाठवायचा नाही. दुसरा, रोज्यात खेळलेली मॅच कुणाच्या नावावर धरायची नाही. वडील नंदुरबारात रिक्षांचे हूड शिवायचे, मीही तेच शिवतो. रमजानात रोजा धरून दिवसभर मशीन चालवणारा माणूस मैदानात उतरला आणि त्याचे पाय जड पडले, तर त्याला नावं ठेवायची नाहीत, एवढा साधा अर्थ. उपास कुणाचाही असो, असं वडील म्हणत. एकादशीवाला असो की नवरात्रवाला, पोट सगळ्यांचं सारखंच रिकामं असतं.

हे दोन्ही नियम माझ्याइतकेच पाठ असलेला क्लबात आणखी एकच माणूस होता, माझा दोस्त. शाळेत आम्ही एका बाकावर. सहावीत असताना मीच त्याला हाताला धरून मैदानावर आणलं होतं. पुढं तो तयार कपड्यांच्या धंद्यात पडला, जीप घेतली, दर आठवड्याला मोलगीच्या बाजारात दुकान मांडायला लागला. डोंगरातल्या लोकांची बोली त्याला येते, त्यांचे सणवार, रीतिरिवाज सगळं ठाऊक. क्लबाची मॅनेजरकी त्याच्याकडे आणि खेळाडू निवडायचं माझ्याकडे, अशी आमची वाटणी. वीसेक वर्षांत त्याच्या शब्दाची मी कधी दुसऱ्याकडे चौकशी केली नाही.

मागच्या वर्षी रमजान आणि होळी एकाच महिन्यात आले. त्याच सुमाराला आमच्यापुढं प्रश्न पडला होता, की मोलगीकडचा एक खेळाडू घ्यायचा की नाही. वय चोवीस. मी त्याला दोन वर्षांपूर्वी एका गावच्या स्पर्धेत पाहिलेलं. डाव्या पायानं बॉल असा थांबवायचा, जसा कुणी ओळखीच्या माणसाला खांद्यावर हात ठेवून थांबवतो. पण नाव खराब झालेलं. नवापूरच्या पलीकडे, गुजरातेतल्या दोन क्लबांनी त्याला घेतला आणि दोघांनीही सोडला. एका मॅचमध्ये तीन गोल करणार, पुढच्या चार मॅच नुसता उभा. आमची पोरं त्याला ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ म्हणायची. मी म्हटलं, टोणगा असो नाहीतर काही असो, मला त्याचा पाय जवळून बघायचाय.

जागा एकच होती, पुढच्या फळीत. त्या जागेवर चार वर्षं डोळा ठेवून बसलेला दोस्ताचा भाचा होता. चांगला मुलगा, मेहनती, पण पायात ती गोष्ट नाही. हे मला माहीत होतं, दोस्तालाही माहीत होतं, आम्ही त्यावर बोलत नसू.

आणि त्या मोलगीच्या मुलासाठी ही जागा म्हणजे नुसती खेळाची जागा नव्हती. त्याचं घर दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातं, तोही जातो. ओळखीच्या एका शाळेला मैदान सांभाळायला आणि मुलांना खेळवायला माणूस हवा होता. मुख्याध्यापक मला म्हणाले होते, तुमच्या क्लबाच्या यादीतला द्या, बाहेरचा नको. म्हणजे यादीत आला तर कोयता सुटला. हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “येतो चाचा.”

दोस्त म्हणाला, होळीसाठी तो गावी आलाय, हीच वेळ, नंतर हाती लागायचा नाही. तीन दिवस सकाळच्या तीन मॅच ठेवू, बघून घेऊ. रोजेदारांना ऊन लागू नये म्हणून सकाळी सातची वेळ त्यानंच काढली. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

होळीला पाच-सहा दिवस राहिले असताना तो दोस्ताच्याच जीपमधून आला. उतरायची सोय माझ्या घरी. आमची ही सकाळपासून आवराआवर करत होती. पाहुण्यासाठी पुढच्या खोलीत खाट टाकलेली, नवी चादर. तो आला, नमस्कार केला आणि खाटेकडं न बघता जमिनीवर बसला. संध्याकाळी रोजा सोडायला बसलो तेव्हा हिनं त्याच्यापुढं खजूर, भजी, कापलेलं कलिंगड ठेवलं. त्यानं हात जोडले. म्हणाला, “मला नको, मी माझं करतो.” आणि अंगणात तीन दगड मांडून, पिशवीतून आणलेल्या पिठाची भाकर स्वतः थापून खाल्ली. पाणीही आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं. रात्री जमिनीवरच पाठ टेकली.

आता माझं काय झालं ते सांगतो. मी त्याच्यासाठी बूट तयार केले होते. डोंगर चढणाऱ्या माणसाचा पंजा रुंद असतो, दुकानातला बूट त्याला चावतो. म्हणून बाजूची शिवण उसवून आत रेक्झिनची पट्टी घालून दोन दिवस खपलो होतो. सकाळी ते हातात दिले, तर त्यानं ते कपाळाला लावले, फडक्यात गुंडाळले, पिशवीत ठेवले आणि अनवाणी मैदानात उतरला.

समोरच्यांच्या पायात खिळ्यांचे बूट. कुणी अंगावर आलं की हा पाय मागं घ्यायचा. दोन वेळा पंजावर बूट पडला, रक्त आलं. बॉल येऊन जायचा, हा बघत राहायचा. दुसऱ्या दिवशी तेच. मॅचनंतर पोरं नळावर हातपाय धूत होती, हा तसाच धुळीनं भरलेला माझ्या मागून घरी आला, आंघोळ नाही की काही नाही. ही मला आत बोलावून म्हणाली, “आपल्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही का हो याला?”

ते वाक्य डोक्यात घुसलं. या गावात आमच्या चार पिढ्या गेल्या. आमच्या घरचं न खाणारी माणसं मी पाहिली आहेत, त्याचं नाटक कसं असतं, कारणं कशी सांगतात, मला सगळं पाठ आहे. पण ज्याच्यासाठी मी भांडलो, ज्याच्यासाठी बूट शिवले, त्यानं हे करावं, हे जिव्हारी लागलं. तरी मी घाई केली नाही. दोस्ताकडं गेलो. म्हटलं, तुला डोंगरातलं कळतं, हे काय आहे?

तो कपड्यांचे गठ्ठे बांधत होता. वर न बघता म्हणाला, “आते काय सांगू भो तुले. तुन्हा घरनं त्याले चालस नही. आनि पायमा मस्ती शे. तू उगाच जीव लायी ऱ्हायना.”

मी विचारलं, “तो असं म्हणाला तुला?”

“म्हनाले काय पायजे? दिसी नही ऱ्हायनं का?”

तिसऱ्या दिवशीची मॅच मी नीट बघितलीही नाही. भाच्यानं दोन गोल मारले. संपल्यावर क्लबाच्या रीतीप्रमाणं मी त्याला बाजूला घेतलं आणि तोंडावर सांगितलं, की तू आमच्या यादीत नाहीस. शिवाय, रीतीत नव्हतं तेही बोललो. म्हटलं, “ज्या घरचा घास चालत नाही, त्या घरच्या माणसाबरोबर कशाला खेळायचं?” त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख उपटलेलं होतं. “बरं चाचा,” एवढंच म्हणाला, आणि बूट परत द्यायला पिशवीत हात घातला. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच. हे काही मी मोठ्या मनानं म्हटलं नाही, मला ते बूट घरात नको होते.

होळी झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मोलगीच्या एका जीपवाल्याचा हूड फाटला म्हणून मला बोलावणं आलं. सामान घेऊन गेलो. काम चालू असताना एक म्हातारा जवळ येऊन उभा राहिला. नंदुरबारहून आलेले हूडवाले तुम्हीच का, असं तुटक्या मराठीत विचारलं. मी हो म्हटलं, तर त्यानं माझे दोन्ही हात धरले. तो त्या मुलाचा बाप होता.

म्हणाला, “मुलाची पालनी तुमच्या घरी टिकली. तुम्ही जागा दिली, चुलीला अंगण दिलं, खा म्हणून जबरदस्ती केली नाही. नवस पुरा झाला.”

मला काही कळेना. मग मुलगा आला. अंगावरच्या राखेचे ठिपके अजून पुरते गेले नव्हते. शेजारीच त्यांचं घर होतं, उघड्या दारातून आत बांबूची उंच टोपी आणि कमरेचे वाळके भोपळे टांगलेले दिसले. होळीला हे सजून नाचणारे लोक मी लांबून पुष्कळदा पाहिलेत, आमच्याकडं त्यांचे फोटो दुकानांत लावतात. पण नाचायच्या आधी ते जी पालनी पाळतात ती काय असते, हे मी पन्नास वर्षं इथं राहून कधी विचारलं नव्हतं. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं. आंघोळ नाही. पायात काही घालायचं नाही. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, मग तो दुसरा सख्खी आई का असेना. आई आजारी पडली होती तेव्हा त्यानं पाच वर्षांचा नवस बोलला होता, हे पाचवं वर्ष होतं.

“आईच्या हातचं पण?” मी विचारलं.

“आईच्या हातचं पण,” तो म्हणाला.

“अरे, मग मला सांगायचं नाही का?”

तो गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. “ज्यांच्या जीपमधून तुमच्याकडं आलो त्या काकांना सांगितलं होतं की. ‘होळीनंतर मॅच ठेवा’ असं मी म्हणालो होतो. ते म्हणाले, नंतर चालणार नाही. म्हणाले, ‘चाचांना मी समजावून सांगतो, तू काही बोलू नको, त्यांचे रोजे चालू आहेत, त्रास देऊ नको.’ मला वाटलं तुम्हाला सगळं माहीत आहे.” मग म्हणाला, “माहीत असून काढलं, असं वाटलं.”

सुई बोटात गेली होती, ते मला रक्त हुडावर सांडल्यावर कळलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याला तारीख माहीत होती, पालनी माहीत होती, वडिलांचा नियम माहीत होता. कळलं असतं तर त्या तीन मॅच मी धरल्याच नसत्या, हेही माहीत होतं. म्हणून तर सांगितलं नाही. आणि मी विचारायला गेलो तेव्हा माझी दुखरी जागा बरोबर हुडकून त्यानं तिथंच बोट ठेवलं. ती जागा त्याला कुणी दाखवली? मीच, शाळेच्या बाकावर बसून, विश्वासानं.

पण सगळा राग त्याच्यावर काढून मी मोकळा होऊ शकत नाही. खोटं त्यानं सांगितलं, पटलं मला. महिनाभर रोजे धरणारा मी माणूस, समोर दुसरा माणूस व्रत धरून बसलाय हे मला ओळखू आलं नाही. शिवाशिव तेवढी लगेच ओळखली.

मुलाला म्हटलं, यादी बदलून घेतो, चल. तो म्हणाला, मुकादमाला कालच शब्द दिलाय, उद्या गाडी येणार, उसाचे दोन महिने अजून बाकी आहेत. मी म्हटलं, शब्द मोड. तो म्हणाला, “तसं नको चाचा.” मग आत जाऊन फडकं आणलं, बूट घातले, नाडी बांधली आणि अंगणात चार पावलं चालून दाखवली. “चावत नाहीत,” म्हणाला. त्याच्या आईनं तेवढ्यात भाकर आणि उडदाची डाळ आणली. आम्ही दोघांनी एका ताटात हात घालावा असं तिला वाटत होतं, पण माझा रोजा होता. तिनं ताट उचललं आणि संध्याकाळसाठी भाकर फडक्यात बांधून दिली. तिला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

नंदुरबारला उतरलो तो थेट दोस्ताच्या दुकानात. त्यानं माझं तोंड बघितलं आणि हातातला शर्ट खाली ठेवला. नाटक केलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

“भाचा मन्हा शे भो,” म्हणाला. “चार साल व्हयनात, वाट देखी ऱ्हायना. तुले सांगं असतं ते तू त्यालेच लिधं असतं.”

“घेतलंच असतं,” मी म्हटलं.

“मंग?”

मग काय. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत मी थांबलो. बाहेर मगरिबची, रोजा सोडायची वेळ होत आली होती. त्यानं सवयीनं माझ्यासाठी पाण्याची बाटली आणि खजुराचा पुडा काढून टेबलावर ठेवला, दर रमजानला ठेवतो तसा. मी फडक्यातली भाकर सोडली, अजान झाली तसा त्यातला घास मोडला. त्याच्या पाण्याला हात लावला नाही. सहावीत असताना या माणसाला मी मैदानावर आणला होता, म्हणजे नियमाप्रमाणं काढल्याचं सांगायचं कामही माझंच होतं. मी ते त्याच्या तोंडावर सांगितलं.