सुतकातला चहा

वैजनाथचा धंदा चहापत्तीचा. लातूरपासून एस.टी.नं तासाभराच्या गावात घर, आणि आठवडी बाजारात दोन पोती अन् तराजू मांडून बसायचा. पत्ती कसली, गोष्टच विकायचा म्हणा!

"या मावशी! चीनच्या राजाच्या आधणात वाऱ्यानं पान पडलं, तवापासून च्या हाय. तिथून उंटावर बसून रशियात गेला, जहाजात बसून विलायतेला. गोऱ्याला असं येड लागलं, की त्यानं आसामात डोंगरच्या डोंगर मळे लावले. आन् आपल्या आज्याला? बाजारात फुकट पाजला हो, चटक लागस्तोर!"

बाया हसायच्या, कमरेची पिशवी सोडायच्या. गडी आणखी रंगात यायचा.

पण पोत्यात काय होतं? लातुरात क्लासेसच्या गल्लीत पोरं दिवसभर चहा पितात. तिथल्या हॉटेलांतला उकळलेला चोथा वैजनाथ आणायचा, माळवदावर वाळवायचा, रंग चोळायचा आणि चांगल्या पत्तीत मिसळायचा. घरासाठी मात्र डबा वेगळा. शेजारीण वाटीभर उसनी मागायला आली तर पोत्यातलीच द्यायची, असं त्यानं बायकोला, अयोध्याला, बजावलेलं.

"त्यांच्या जिभा काय दगडाच्या हायत?" अयोध्या एकदा म्हणाली.

"साखर टाकली की समद्या जिभा सारख्या," तो हसला होता.

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन अयोध्या गेली. आपल्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाकरी, चहा शेजारीपाजारी आणतात. माती उरकून माणसं ओसरीवर टेकली, तशी पलीकडची नागुबाई किटली घेऊन आली. रडून डोळे सुजलेले. अयोध्या तिची जिवाभावाची.

"घ्या वैजनाथभाऊ. सकाळपासून पोटात काई न्हाई तुमच्या."

त्यानं कप तोंडाला लावला. लालभडक पाणी. वास नाही, चव नाही, नुसती साखर आणि मागून जिभेवर चिकटणारा रंग. आपला माल त्यानं जन्मात पहिल्यांदा चाखला.

त्याचा चेहरा बघून नागुबाई कानकोंडी झाली. "बेचव झाला का ओ? दुप्पट पत्ती टाकली मी. माझ्या हातालाच चव न्हाई बघा. मामंजी मरस्तोर शिव्या घालून गेले. अयोध्याक्काचा च्या कसा घमघमायचा! लई डाव इच्यारलं, कसा करती म्हणून. नुसती खाली बघायची बिचारी."

वैजनाथनं डोळे पुसले. गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? बायकोसाठी रडतोय म्हणून माणसांनी पाठीवरून हात फिरवला असता. पण ती खाली बघणारी अयोध्या काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"नागुबाई, तुमच्या हाताला दोष न्हाई. पत्तीत चोथा हाय. दुसऱ्यांनी पिऊन टाकलेला. समद्यांच्या घरात तीच हाय. मीच दिली."

कुणीतरी कप हळूच खाली ठेवला.

"म्हंजे," नागुबाई म्हणाली, "मामंजींच्या शिव्या मी उगंच खाल्ल्या म्हणा की."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वैजनाथला वाटलं. तिनं किटली उचलली, अंगणात नेऊन रिकामी केली. जाता जाता म्हणाली, "भाकर आणते. ज्वारी घरची हाय, काई मिसळलेलं न्हाई."

ती भाकर वैजनाथनं खाल्ली. खाली मान घालून, एकेक घास. न खाऊन जाणार कुठं? सुतक फिटेपर्यंत त्याच दारातून त्याच बायका रोज टोपली घेऊन येणार होत्या.